मोरी नसलेला शॉवर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मोरी, जाळी आणि सांडपाण्याची नळी हे काही भाषणाचे विषय नव्हेत, असं आपल्याला वाटतं. घर बघायला गेलेला माणूस आधी बाल्कनी पाहतो, मग स्वयंपाकघरातला ओटा पाहतो. पाणी कुठून जातं हे तो पहिल्या पावसाळ्यातच पाहतो. माझं निम्मं आयुष्य मात्र पाणी कुठून जातं हे पाहण्यात गेलं आहे. इमारतींच्या नळकामाची आणि सांडपाण्याची आखणी हा माझा व्यवसाय. महाविद्यालयं, औषधांचे कारखाने, तपासणीच्या प्रयोगशाळा अशा ठिकाणी हे काम करताना एक लहानशी गोष्ट मला वारंवार खटकत आली. तिच्याबद्दल आज आपल्याशी बोलायचं आहे.

रसायनशास्त्राच्या चांगल्या प्रयोगशाळेत गेलात तर दाराजवळ एक हिरवी पाटी दिसेल. पाटीखाली डोक्यावर मोठी चाळणी असलेला एक शॉवर असतो आणि त्याला लोंबणारी एक त्रिकोणी कडी असते. त्याच्याच खांबाला बहुधा एक छोटं भांडं जोडलेलं असतं आणि त्यात दोन तोट्या वर तोंड करून असतात. हे डोळे धुण्याचं कारंजं. अंगावर आम्ल सांडलं, कपड्यांनी पेट घेतला, तर शॉवरखाली उभं राहून कडी ओढायची. डोळ्यांत काही उडालं, तर कारंज्याची पट्टी हाताने ढकलायची, दोन्ही डोळे बोटांनी उघडे धरायचे आणि पाण्यावर वाकायचं. झडप एका सेकंदाच्या आत उघडली पाहिजे आणि हात सोडला तरी उघडीच राहिली पाहिजे, कारण त्या वेळी माणसाचे हात मोकळे नसतात.

आपल्याकडे या साधनांसाठी १९८२ सालापासून भारतीय मानक आहे, आयएस १०५९२. जगभर सर्वांत जास्त आधार घेतला जातो तो अमेरिकी मानकाचा. त्याची पहिली आवृत्ती १९८१ सालची. हे मानक सांगतं की रसायनाच्या जागेपासून या साधनापर्यंत दहा सेकंदांत पोचता आलं पाहिजे. शॉवरमधून मिनिटाला सुमारे ७६ लिटर पाणी आलं पाहिजे आणि ते सलग पंधरा मिनिटं आलं पाहिजे. कारंजं फक्त डोळ्यांचं असेल तर मिनिटाला दीड लिटर आणि डोळे-चेहरा दोन्हींचं असेल तर ११ लिटरांहून थोडं जास्त, तेही पंधरा मिनिटं.

आता जरा हिशेब करू. ७६ लिटरांना पंधराने गुणलं की ११४० लिटर होतात. आपल्या इमारतींच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, ती पूर्ण रिकामी होईल आणि तरी पाणी कमी पडेल. वीस लिटरच्या बादलीने मोजायचं तर सत्तावन्न बादल्या होतात. आपल्या न्हाणीघरातला शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी देतो. हा त्याच्या आठ-नऊपट देतो.

इतकं पाणी कशाला, असं कोणी विचारील. रसायन नुसतं पुसून निघत नाही, ते वाहवून न्यावं लागतं. त्यातही आम्लापेक्षा अल्कली डोळ्याला जास्त धोक्याचं. आम्लाने डोळ्याच्या वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि त्या गोठलेल्या थरामुळे आम्ल पुढे शिरायला काहीसा अटकाव होतो. अल्कली मात्र पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करत आत आत जात राहतं. कॉस्टिक सोडा असा आहे आणि पानाच्या डब्यातला चुनाही असाच आहे. चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलाच्या डोळ्यात चुना उडाल्याच्या घटना आपल्या नेत्रतज्ज्ञांना चांगल्या परिचयाच्या आहेत. अशा वेळी डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, ‘डोळा किती वेळ धुतला?’ औषधाचा प्रश्न नंतर येतो.

आता माझ्या व्यवसायाचा प्रश्न. हे ११४० लिटर पाणी गेलं कुठे?

आपल्याला आश्चर्य वाटेल, पण अनेक प्रयोगशाळांमध्ये या शॉवरखाली मोरीच नसते. वर पाणी आणणारी नळी आहे, खाली चकचकीत फरशी आहे, आणि पाणी जाण्याची वाट नाही. डोळ्यांच्या कारंज्याच्या भांड्याला खाली भोक असतं, पण ते कशालाच जोडलेलं नसतं. डोळे धुणाऱ्याच्या पायांवरच ते पाणी पडतं.

एका महाविद्यालयात दुरुस्तीच्या कामासाठी गेलो होतो. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. शॉवर उत्तम कंपनीचा होता, पण त्याची कडी सुतळीने वर बांधून ठेवलेली होती. तिथल्या परिचर मामांना मी विचारलं, ‘मामा, हा शेवटचा कधी सोडून पाहिला होता?’ मामा हसले आणि म्हणाले, ‘साहेब, सोडला तर पुसायचं कोणी? खाली वाचनालय आहे. एकदा पोरांनी गंमत म्हणून ओढला, तर खालच्या छतातून पाणी गळलं. तेव्हापासून बांधलाय.’

मामांचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. ज्या माणसाला पोतेरं आणि बादली घेऊन सत्तावन्न बादल्या पाणी टिपायचं आहे, तो कडी बांधणारच. चूक त्याच्या कितीतरी आधी, नकाशावर झाली होती. तिथे वरची नळी काढणारा एक होता आणि खालची नळी काढणारा कोणीच नव्हता.

मोरी नसल्याचा पहिला परिणाम असा की चाचणी होत नाही. मानक सांगतं की शॉवर आणि कारंजं आठवड्यातून एकदा सोडून पाहावं आणि वर्षातून एकदा त्यांची पूर्ण तपासणी करावी. आठवड्याची चाचणी म्हणजे काही पंधरा मिनिटांचा पूर नव्हे. पाणी येतं का, झडप अडकत तर नाही ना, नळीत साचलेलं पाणी निघून गेलं का, एवढंच पाहायचं असतं. तरीही पंधरा सेकंद शॉवर सोडला की एक बादलीभर पाणी खाली पडतं. मोरी नसेल तर ही बादली दर आठवड्याला कोणीतरी फरशीवरून टिपायची. दोन-तीन आठवडे उत्साहाने होतं, मग वहीत नुसत्या सह्या होतात, आणि पुढे वहीही हरवते.

न वापरलेल्या नळीत पाणी साचून राहतं. नळीच्या आतल्या बाजूचा गंज सुटून तांबडं पाणी येतं, हे आपण घरीही पाहतो. त्याहून वाईट म्हणजे साचलेल्या पाण्यात सूक्ष्म जीव वाढतात. अकँथअमीबा नावाचा एक जीव असा आहे की तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला गंभीर संसर्ग करू शकतो. म्हणजे रसायनाने आधीच दुखावलेला डोळा आपण महिनोन्‌महिने साचलेल्या पाण्याने धुवायचा! दर आठवड्याला नळी वाहती करायची ती यासाठीच.

दुसरा परिणाम याहून गंभीर आहे. मोरी नसेल तर धुणं अर्ध्यावर थांबतं. एका संस्थेत घडलेली गोष्ट मला तिथल्याच एका शिक्षकांनी सांगितली. एका विद्यार्थिनीच्या डोळ्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण उडालं. तिला ताबडतोब कारंज्याशी नेलं, पाणी सुरू केलं. इथपर्यंत सगळं बरोबर झालं. पण भांड्याखाली नळी नव्हती. पाणी मुलीच्या पायांवर पडू लागलं, फरशीवरून नाजूक तराजूंच्या खोलीकडे निघालं. कोणी पोतेरं आणायला धावलं, कोणी विजेचं बटण बंद करायला धावलं. दोन-तीन मिनिटांत पाणी बंद करून, डोळ्यावर ओला रुमाल ठेवून मुलीला रिक्षाने रुग्णालयात नेलं. पुढे उपचार झाले, पण त्या डोळ्याने तिला आता अंधुकच दिसतं. पंधरा मिनिटं धुतलं असतं तर डोळा पूर्ण वाचला असता का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मात्र धुणं का थांबलं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला त्या शिक्षकांना दोष द्यायचा नाही. आपल्या सगळ्यांच्याच हाडीमाशी भिनलेली सवय आहे ती. फरशीवर पाणी पसरलं की आधी नळ बंद करायचा. संकटाच्या वेळी ही सवय सुटेल, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. पाणी पसरणारच नाही, अशी सोय करणं आपल्या हातात आहे.

मग वास्तुविशारद आणि अभियंते मोरी का देत नाहीत? ते निष्काळजी असतात म्हणून नव्हे. त्यांची कारणं ऐकून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण म्हणजे मानकांनी मोरीची सक्ती केलेली नाही. अमेरिकी मानकात मुख्य नियम पाणी येण्याबद्दल आहेत. ते जाण्याचा विचार करावा, एवढं परिशिष्टात सुचवलेलं आहे. जे सक्तीचं नाही ते अंदाजपत्रकातून सर्वांत आधी गळतं.

दुसरं कारण दुर्गंधीचं. आपण दिवाळीच्या सुटीत पंधरा-वीस दिवस गावाला जाऊन येतो आणि कुलूप उघडताच न्हाणीघरातून उग्र वास येतो. असं का होतं? जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्याच्या वाकणात साधारण पाच सेंटीमीटर पाणी कायम उभं असतं. ते पाणी म्हणजे गटाराचा वायू अडवणारं झाकण. वापर थांबला की ते हळूहळू सुकतं आणि झाकण उघडं पडतं. आणीबाणीच्या शॉवरखालची मोरी तर वर्षानुवर्षं कोरडी राहणार. शिवाय प्रयोगशाळेत धूर आणि वाफा बाहेर फेकणारे मोठे पंखे चालू असतात. ते खोलीतली हवा ओढतात आणि ट्रॅप कोरडा असेल तर गटारातली हवाही आत ओढतात.

तिसरं कारण पर्यावरणाचं आहे आणि माझ्या मते सर्वांत वजनदार आहे. जमिनीत मोरी असली की सांडलेली प्रत्येक बाटली तिच्यात जाणार आणि तिथून नगरपालिकेच्या गटारात.

या तिन्ही शंकांना उत्तरं आहेत, आणि ती फार महागही नाहीत.

दुर्गंधीचं उत्तर मला नेहमीच मोठं गमतीचं वाटत आलं आहे. ट्रॅप सुकू नये म्हणून काय करायचं? दर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी सोडायचं. आणि शॉवरच्या साप्ताहिक चाचणीत काय होतं? बादलीभर पाणी खाली पडतं! म्हणजे मोरी आहे म्हणून चाचणी करता येते आणि चाचणी होते म्हणून मोरी ओली राहते. दोन्ही कामं एकमेकांना सांभाळतात. यापैकी एक सोडलं की दुसरंही सुटतं. मोठ्या सुट्यांसाठी आणखी एक उपाय आहे. हात धुण्याच्या बेसिनची किंवा वातानुकूलन यंत्राच्या ठिबकणाऱ्या पाण्याची नळी त्याच ट्रॅपमध्ये सोडली की तो आपोआप ओला राहतो. परदेशी इमारतींत ट्रॅपमध्ये थेंब थेंब पाणी सोडणारं छोटं उपकरण बसवतात. आपल्याकडेही ते मिळतं.

पर्यावरणाच्या शंकेसाठी पुन्हा थोडा हिशेब करू. समजा, एखाद्याच्या अंगावर शंभर मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल सांडलं आणि ते पंधरा मिनिटं धुतलं. एवढं आम्ल ११४० लिटर पाण्यात मिसळलं की त्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण तीन होतो. लिंबाचा रसही याहून जास्त आंबट असतो. पण म्हणून ते गटारात सोडून चालत नाही. आपल्या पर्यावरण नियमांनुसार सांडपाण्याचा सामू साडेपाच ते नऊच्या दरम्यान असायला हवा. शिवाय पारा, क्रोमियम, सायनाइड यांसारख्या पदार्थांबाबत ‘पाण्यात मिसळून पातळ झालं की झालं’ हा न्याय लागू पडत नाही.

म्हणून शॉवरची मोरी थेट गटाराला न जोडता आधी एका साठवण टाकीला जोडायची. दीड हजार लिटरची टाकी पुरते. एका अपघाताचं पूर्ण पाणी तीत मावतं आणि थोडी जागा उरते. टाकीच्या बाहेर जाण्याच्या वाटेवर झडप ठेवायची. आठवड्याच्या चाचणीचं पाणी स्वच्छच असतं. ते तपासून सोडून द्यावं किंवा झाडांना घालावं. मात्र अपघात झाला, तर पाणी टाकीत अडवून ठेवायचं, काय सांडलं होतं ते पाहायचं आणि त्याप्रमाणे प्रक्रिया करायची. नुसतं आम्ल असेल तर चुनखडीनेही ते शमवता येतं. एखादी बाटली फुटून मोरीत गेली, तरी ती नदीत जाणार नाही, टाकीतच थांबेल. रोहा, महाड, लोटे, तारापूर इथल्या रासायनिक कारखान्यांना सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याची सवय आहे. अडचण आहे ती शहरांमधल्या महाविद्यालयांची आणि एखाद्या इमारतीत दोन खोल्या घेऊन चालणाऱ्या लहान प्रयोगशाळांची.

नवी प्रयोगशाळा बांधणाऱ्यांना मी चार-पाच गोष्टी आवर्जून सांगतो. शॉवरखालची जागा बाकीच्या फरशीपेक्षा किंचित खोल घ्यावी आणि जाळीकडे मीटरमागे एक सेंटीमीटर उतार द्यावा. उंच कठडा घालू नये. डोळे मिटलेला माणूस त्याला अडखळतो. फरशी न घसरणारी हवी. न्हाणीघरातली छोटी जाळी चालणार नाही. मिनिटाला ७६ लिटर पाणी ओढून घेईल एवढी जाळी आणि नळी हवी. नळी बिडाची नको, आम्ल तिला खातं. पॉलिप्रोपिलीनची किंवा एचडीपीईची घ्यावी. सायनाइड हाताळलं जातं तिथली आणि आम्ल हाताळलं जातं तिथली मोरी एकाच टाकीला कधीही जोडू नये. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. आणि विजेचे सॉकेट व बोर्ड शॉवरपासून दूर ठेवावेत.

जुन्या इमारतींमध्ये लादी फोडणं नेहमी शक्य नसतं. तिथेही हात टेकायची गरज नाही. डोळ्यांचं कारंजं सध्याच्या सिंकवरच बसवता येतं. वापरायच्या वेळी ते सिंकवर वळवायचं, म्हणजे पाणी सिंकच्याच मोरीतून जातं. शॉवरच्या चाचणीसाठी चाळणीला प्लास्टिकची लांब पिशवी लावायची आणि तिचं खालचं तोंड चाकांच्या पिंपात सोडायचं, म्हणजे फरशीवर थेंबही पडत नाही. शिवाय भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं, ‘फरशी भिजू द्या, पाणी बंद करू नका.’ हे मुख्याध्यापकांच्या किंवा प्राचार्यांच्या सहीने लिहावं. म्हणजे पाणी चालू ठेवणाऱ्याला नंतर बोलणी बसण्याची भीती राहत नाही.

साधन असणं आणि ते वापरलं जाणं यांतलं अंतर किती मोठं असतं, याचं एक दुःखद उदाहरण सांगतो. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हवेशी संपर्क येताच पेटणारं एक रसायन हाताळताना तेवीस वर्षांच्या एका तरुणीच्या कपड्यांनी पेट घेतला. आणीबाणीचा शॉवर होता, पण तिला त्याच्याखाली नेलं गेलं नाही. सहकाऱ्याने अंगरख्याने ज्वाळा विझवण्याचा प्रयत्न केला. अठरा दिवसांनी तिचा मृत्यू झाला. या घटनेनंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांत प्रयोगशाळेच्या सुरक्षिततेचा नव्याने विचार सुरू झाला. त्या क्षणी कोणी काय करायला हवं होतं, हे इतक्या लांबून सांगणं सोपं आहे. पण ज्या शॉवरखाली आपण कधीच उभे राहिलो नाही, ज्याची कडी कधीच ओढली नाही, तो भांबावलेल्या क्षणी आठवत नाही. सराव हवा. आणि सरावासाठी पाणी सोडता आलं पाहिजे. प्रत्येक वर्गाला वर्षाच्या सुरुवातीला एकदा कडी ओढायला द्या. खाली मोरी असेल, तर त्याला पाच मिनिटंही लागणार नाहीत.

आपल्यापैकी अनेकांची मुलं विज्ञान शाखेत असतील. पालकसभेला जाल तेव्हा निकालाची चौकशी कराच, पण प्रयोगशाळेतही डोकावा. तिथल्या मामांना किंवा मावशींना विचारा, ‘हा शॉवर कधी सोडला होता?’ त्यांनी वर न पाहता खाली फरशीकडे पाहिलं, तर काय समजायचं ते समजा, आणि प्राचार्यांना एक पत्र लिहा.

आणि घरी चुना, ॲसिड, फरशी साफ करायचं द्रावण किंवा सिमेंट कोणाच्या डोळ्यात गेलं, तर डोळा चोळू देऊ नका, तूप-दूध काही घालू नका. स्वच्छ पाण्याची बारीक धार नाकाकडून कानाकडे जाईल अशी धरा, पापणी उघडी ठेवा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवा. मगच दवाखान्यात न्या. त्या पंधरा मिनिटांत घरभर पाणी झालं तर होऊ द्या. पुसायला नंतर सगळे मिळून बसता येतं.